चार आकडे आणि गोड चहा

दुपारी चारला शाळकरी मुलांच्या गामेलान वाद्यवृंदांची स्पर्धा थेट दाखवायची होती, आणि सकाळी नऊला स्विचरने पासवर्ड मागितला.

गेल्या एकवीस वर्षांत त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं. तीन कॅमेऱ्यांपैकी कोणाचं चित्र लोकांच्या घरी पोचवायचं, एवढं काम ते यंत्र बिनबोभाट करायचं. पण पहाटे वीज गेली, जनरेटरने अंग काढून घेतलं, आणि पुन्हा जाग आल्यावर आपल्याला कुलूप आहे हे स्विचरला आठवलं. छोट्या हिरव्या पडद्यावर चार रिकाम्या चौकटी लुकलुकत होत्या. खाली सूचना होती: प्रयत्न पाच, मग चोवीस तास बंद.

सोलो शहरातल्या त्या छोट्या वाहिनीच्या तांत्रिक प्रमुख बू विनार्सिह डगमगल्या नाहीत. डगमगून चालणारही नव्हतं. संचालकांना सेमारांगहून नवं यंत्र भाड्याने आणायचं होतं. 'आपलं म्हातारं पुरेसं आहे, शब्द देते' असं भर बैठकीत सांगून बाईंनी ते थांबवलं होतं. त्या शब्दाच्या भरवशावर सात गावांतल्या आज्या दुपारी टीव्हीसमोर जागा धरून बसणार होत्या.

"चार शून्य टाक," त्या कॅमेरामन तोगारला म्हणाल्या. चूक. "एक दोन तीन चार." चूक.

"पाक प्रावोतो इतका सोपा नंबर ठेवतील होय?" तोगार म्हणाला. ज्यांनी हे यंत्र लावून दिलं ते प्रावोतो आता निवृत्त होते; त्यांना सगळे आदराने 'पाक' म्हणत, जसं विनार्सिहबाईंना 'बू'. "झाकण उघडू, आतली बटणाएवढी बॅटरी काढू. दहा मिनिटांत नंबर विसरेल ते."

"नंबरच नाही, सगळंच विसरेल. पाक प्रावोतोंनी एकेक करून बसवलेलं. त्यांना न विचारता पुसायचं?"

"मग फोन लावून विचारा."

"फोनवर? ज्यांनी मला स्क्रू पिळायला शिकवलं त्यांना? 'निवृत्त होताना नंबर सांगायचं विसरलात' असं? तू मेदानचा, तुला नाही कळायचं."

सोलोत बारा वर्षं काढूनही तोगार मेदानच्या रीतीने मनात येईल ते तोंडाने बोलायचा. म्हणून लोकांचा त्याच्यावर जीव होता, आणि म्हणूनच कुणाच्या घरी जाताना त्याला सोबत नेत नसत. आज मात्र स्कूटर त्याचीच होती. "तिथे तोंड फक्त खाण्यासाठी उघडायचं," बाईंनी अट घातली, आणि वाटेत सराबीचा, म्हणजे गोड घावनांचा, एक पुडा घेतला.

पाक प्रावोतो अंगणात आपल्या कवड्यांच्या पिंजऱ्यांपाशी बसले होते. गोड चहा आला. पक्ष्यांची चौकशी झाली, गुडघ्यांची झाली, पावसाची झाली. दुसरा चहा आला.

"आपलं स्विचर तुमची फार आठवण काढतं," बू विनार्सिह म्हणाल्या.

"गुणी यंत्र आहे."

"हल्ली कधी कधी काही विचारतं."

"वय झालं की माणूस विचारतोच," म्हातारबुवा म्हणाले.

"चार गोष्टी विचारतं."

"हो, हो," पाक प्रावोतो म्हणाले आणि पिंजऱ्याकडे पाहू लागले. तोगारने चौथी सराबी तोंडात कोंबली, नाहीतर तो बोलला असता.

पिंजऱ्यात दाणे टाकत म्हातारबुवा पुटपुटले, "माणसाने घरच्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात."

बाईंचे डोळे चमकले. "लग्नाला किती वर्षं झाली हो तुमच्या?"

"एक्क्याऐंशी सालचं लग्न. आणि पंच्याऐंशीत थोरला झाला."

"बघ, असं विचारायचं असतं," परतताना बाईंनी तोगारला धडा दिला.

एक नऊ आठ एक. चूक. एक नऊ आठ पाच. चूक. आता एकच प्रयत्न उरला होता, आणि घड्याळात एक वाजला होता. बाहेर मुलं टेम्पोतून उतरू लागली होती.

दोन वाजता दारात सायकल टेकली. ठेवणीतला बाटिकचा सदरा घातलेले पाक प्रावोतो आत आले. "सहज या बाजूला आलो होतो," ते म्हणाले. घर शहराच्या त्या टोकाला होतं, आणि या बाजूला वाहिनीखेरीज फक्त भाताची शेतं होती.

"या ना. चहा घ्या," बाई म्हणाल्या.

चहा झाला. अडीच वाजले. कवड्यांना कोणतं धान्य मानवतं यावर दोघं बोलत राहिली. सभागृहातून पितळी घंटांचा आवाज येत होता. पावणेतीनला तोगारचा बांध फुटला.

"पाक, नंबर आठवतोय का तुम्हाला?"

बू विनार्सिहना वाटलं, जमीन दुभंगावी आणि तोगार तिच्यात जावा.

"नाही," पाक प्रावोतो म्हणाले. मग कितीतरी दिवसांनी पगडी उतरवल्यासारखे हलके झाले. "अजिबात नाही. बॅटरी काढा, असं सकाळीच सांगणार होतो. पण विभागप्रमुखाला मी कसं शिकवायचं?"

"बॅटरीचं मला ठाऊक होतं," बू विनार्सिह कशाबशा म्हणाल्या. "पण तुमचं काम तुमच्या परवानगीशिवाय कसं पुसायचं?"

तोगारने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

दहा मिनिटांत स्विचर कोरं झालं. तिन्ही चित्रं वेड्यासारखी खालून वर पळू लागली, कारण कारखान्यातून ते परदेशी प्रसारणाच्या पद्धतीवर बेतून आलं होतं आणि आता पुन्हा तिथेच गेलं होतं. पाक प्रावोतोंनी चष्मासुद्धा लावला नाही. नंबर विसरलेल्या माणसाची बोटं बटणांवरून अशी फिरली, जणू काल संध्याकाळीच कामावरून घरी गेली होती. साडेतीनला चित्रं जागच्या जागी उभी राहिली. चारला पहिला ठोका पडला आणि सात गावांना आपापली मुलं दिसली. संचालक स्वतः येऊन बाईंना म्हणाले, "म्हातारं खरंच पुरेसं आहे."

कार्यक्रम संपल्यावर स्विचरने नवा पासवर्ड मागितला.

"तुम्हीच टाका," बू विनार्सिह म्हणाल्या.

"छे, मान तुमचा."

"तुमच्या हातचाच हवा."

तीनदा नाही म्हणून झाल्यावर पाक प्रावोतो पुढे झाले. दुसऱ्याचा पासवर्ड बघणं शोभत नाही, म्हणून बाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि तोगारलाही खांद्याला धरून वळवलं. मागे चार बटणं वाजली. मग सगळ्यांना नमस्कार करून म्हातारबुवा सायकलवरून घरी गेले.

"बू," बऱ्याच वेळाने तोगारने विचारलं, "काय नंबर टाकला त्यांनी?"

बू विनार्सिहनी शांतपणे पर्स उचलली. "उद्या सकाळी जाऊ. सराबी जरा जास्त घे."