मगरीचा मागचा दात

डॉक्टर आष्टुरे दगड चाटतात. चाटलेला तुकडा जिभेला चिकटला तर कागदात गुंडाळून खिशात, नाही तर थुंकून पुढचा. हे मी ऐकीव सांगत नाही. देवगाव फाट्याजवळ माझी खडीची खदान आहे. तिथं भर उन्हात कापडी टोपी घातलेला एक माणूस उकिडवा बसून हा उद्योग करत होता. माझ्या मुकादमाला वाटलं वेडा आहे. मला वाटलं सरकारी माणूस आहे आणि वेड्याचं सोंग घेऊन आलाय. मी गाडीतून उतरलो आणि तापूनच विचारलं, काय करायलात?

"हाड जिभेला चिकटतं," ते म्हणाले. "दगड चिकटत न्हाई."

एवढंच. नाव नाही, गाव नाही, परवानगी नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. आईच्या शेजारी बसून हातोडीनं खडी फोडली, आज क्रशर आणि पोकलेन माझ्या नावावर आहे. हे सगळं बोलून मिळवलं. भाव करणं ही माझी विद्या. त्यामुळं डॉक्टरांनी ओळख सांगून मागणी केली तेव्हा मी सावरून बसलो. ते परभणीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि फार जुन्या काळच्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर संशोधन करायचे. माझ्या खदानीत वरचा काळा खडक आणि खालचा काळा खडक यांच्या मधे हातभर जाडीची हिरवट माती आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तापलेला रस वाहून थंड झाला, त्याच्यावर तळं साचलं, मग पुन्हा रस येऊन तळ्याला झाकून गेला. त्या तळ्यात मगरी होत्या, कासवं होती, साप होते. मी म्हणालो, आमच्या गावाला प्यायचं पाणी टँकरनं येतं आणि तुमी मगरी सांगायलात. ते हसले नाहीत. ते हसतच नाहीत, हसण्यासारखं काही झालं तर चष्मा पुसतात.

पूर्वेकडच्या भिंतीला सुरुंग लावू नका, एवढी त्यांची मागणी होती. मी म्हणालो, दिवाळीपर्यंत थांबतो. मनात हिशेब असा की ते दोन वर्षं मागतील, मी तोंड वाकडं करीन आणि एका वर्षावर मिटेल. ते म्हणाले, "चालेल."

मला तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. जो माणूस घासाघीस करत नाही त्याच्याजवळ काय दडलंय ते कळत नाही. ते कळावं म्हणून मी ती भिंत स्वतःहून वर्षानुवर्षं ठेवली.

दर रविवारी ते यायचे, मातीची पोती भरायचे आणि फाट्यावरून एसटीत टाकून परभणीला न्यायचे. कंडक्टर विचारायचा, पोत्यात काय? माती. कंडक्टर म्हणायचा, परभणीत माती संपली का हो? डॉक्टर शांतपणे पोत्याचं तिकीट मागायचे.

परभणीत त्यांना 'पालवाले डॉक्टर' म्हणत. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर म्हटल्यावर लोकांनी आपल्या सोयीचा अर्थ घेतला. एकदा माझ्या समोर एक बाई आली, डाव्या खांद्यावर पाल पडली, आता काय होईल म्हणून विचारायला. डॉक्टरांनी तिला बसवून घेतलं आणि पालीचं कूळ किती जुनं आहे ते अर्धा तास सांगितलं. बाई उठताना म्हणाली, म्हंजे वाईट न्हाई ना? ते म्हणाले, "पालीला काही झालं न्हाई ना?"

त्यांच्याबरोबर शिकलेले लोक परराज्यात गेले, प्रचंड प्राण्यांची मांडीची हाडं काढली, पेपरात फोटो आले. डॉक्टरांनी आयुष्यभर बारीक माल धरला. तांदळाच्या कणीएवढे दात, सापाचे मणके, कासवाच्या पाठीची ढलपी. पोत्यातली माती पिंपात भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, गच्चीवर जुन्या लुगड्यांवर वाळवायची. चाळणीत उरलेली बारीक कणी, म्हणजे चाळ, ताटात घेऊन भिंगाखाली कण न् कण निवडायचा. हे निवडणं करायच्या त्यांच्या पत्नी मंगलाबाई. पाथरीच्या, सातवी शिकलेल्या. डाळीतला खडा निवडावा तसा त्या ओल्या ब्रशच्या टोकानं दात उचलायच्या आणि दुसऱ्यांदा न पाहता सांगायच्या, मगर, मागचा. डॉक्टरांचे सगळे लेख त्या ताटातून निघाले, असं ते स्वतःच सांगायचे.

त्या घरात मे महिन्यातही पंखा बंद. परभणीचा मे काय असतो ते परभणीच्या माणसाला सांगायला नको. प्रत्येक ताटाजवळ नंबराची चिठ्ठी असायची, कोणत्या भिंतीची माती, वरून किती खाली. एकदा पाहुण्यांनी पंखा लावला, दोन ताटांच्या चिठ्ठ्या उडाल्या, कोणती कुठली ते कळेना. डॉक्टरांनी दोन्ही ताटं आतल्या दातांसकट परसात ओतली. महिन्याचं काम होतं. मंगलाबाई फक्त म्हणाल्या, चला, झाडांना तरी दात आले.

"जागा सांगा." हे त्यांचं पालुपद. वस्तू कुठली, ते ठाऊक नसेल तर वस्तू मुकी, असं त्यांचं म्हणणं.

आता माझ्या दुखण्यावर येतो.

एक दिवस पोकलेनच्या बकेटीत हिरव्या मातीच्या ढेकळातून वीतभर जबडा आला. अख्खा, दातांसकट. डॉक्टर त्या आठवड्यात आले नव्हते. मी पहारीनं माती फोडली, जबडा धुतला, तारेच्या ब्रशनं घासला आणि सेलूच्या फर्निचरवाल्याकडून दोन हात पॉलिश मारून घेतलं. असा चमकला की बघत राहावं. नव्या टॉवेलात गुंडाळून मी स्वतः परभणीला घेऊन गेलो.

डॉक्टरांनी तो हातात धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "जागा?"

माझी खदान, मी म्हणालो.

खदानीत कुठं, वरून किती, तोंड कुणीकडं होतं, शेजारी काय होतं. बकेटीत होता, एवढंच मी सांगितलं. त्यांनी जबडा टॉवेलात ठेवला. पॉलिशमुळं आता हाडावरच्या खुणाही दिसत नाहीत, म्हणाले. "मालक, हे आता काही सांगत न्हाई."

आयुष्यभर बाजारात उभा राहिलेला माणूस मी. मालाला नावं ठेवणं हे गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य असतं, हे मला कुणी शिकवायला नको. मी टॉवेल उचलला, दुसरेही विचारायलेत असं म्हणालो आणि निघालो. फाटकापर्यंत तरी धावत येतील म्हणून सावकाश चाललो. जीपमध्ये बसून अर्धा तास थांबलो. मंगलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "भाऊ, लय जपून आणलंत," त्या म्हणाल्या. "खालचा जबडा हाय, डाव्या अंगाचा. मनाला लावून घेऊ नका." डॉक्टर काही आले नाहीत.

याला सात-आठ वर्षं झाली. जबडा माझ्या ऑफिसात काचेच्या कपाटात आहे आणि माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. इतकं मोठं हाड हातात घेऊन माणूस 'जागा' विचारतो.

डॉक्टर निवृत्त झाले, रविवारचे येईनासे झाले. पूर्वेकडची भिंत तशीच उभी. यंदा रस्त्याच्या कामाला खडी कमी पडायला लागली तेव्हा मी ठरवलं, तोंडावर सांगून यायचं, उद्या सुरुंग लावतोय. न सांगताही लावता आला असता. पण मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

दुपारी गेलो. दार उघडं होतं. ओसरीवर मंगलाबाई ताट घेऊन बसल्या होत्या, पार वाळून गेलेल्या. डॉक्टर मागून आले. सदऱ्याच्या खिशातून औषधाची छोटी बाटली काढली, त्यातून काहीतरी चिमटीत घेतलं आणि बाईंची नजर वळलेली बघून ताटातल्या चाळात हळूच टाकलं. बोटानं वर माती सारली.

मी बघितलं. त्या ताटाजवळ चिठ्ठीही नव्हती. माझ्या डोक्यात सणक गेली. मला अख्खा जबडा परत देणारा माणूस स्वतः ताटात माल मिसळायलाय.

"सर, जागा?" मी दारातूनच म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि फक्त तळहात वर केला, थांबा म्हणून. मंगलाबाईंनीही मान वर केली. माझ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "काका," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "हे तुमच्याकडं आलेत का?"

हो, डॉक्टर म्हणाले. मला खुर्ची दिली आणि माझ्याजवळच उभे राहिले. भिंतीचं बोलायला मी तोंड उघडलं, पण त्यांचं लक्ष ताटाकडं होतं. बाईंचा ब्रश चाळातून फिरत होता, एक ओळ संपवून दुसरी. मग ब्रश थांबला. टोकाला काळपट कण चिकटला होता.

"अहो," मंगलाबाई म्हणाल्या. आवाज वेगळाच होता. "इकडं या बरं. मगर हाय. मागचा दात."

"आलो," म्हणत डॉक्टर त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. बाईंनी त्यांच्या तळहातावर दात ठेवला. किती बारीक झालात, जेवत न्हाई का, असं विचारलं. पाथरीला माहेरी कधी जायचं ते विचारलं. डॉक्टर म्हणाले, उद्या जाऊ. पाच मिनिटं असतील, जास्त नाही. मग बाईंचा हात त्यांच्या हातावरून निघाला, त्या ताटाकडं वळल्या आणि थोड्या वेळानं अदबीनं म्हणाल्या, काका, तुमचा चहा झाला का?

डॉक्टरांनी दात बाटलीत टाकला.

ते फाटकापर्यंत आले. चार वर्षं झाली, म्हणाले. बाईंच्या आठवणीतून हळूहळू सगळे गेले, माणसं, नावं, शेवटी ते स्वतः. हा दात लग्नानंतर बाईंनी निवडलेला पहिला. दुसरे ठेवून पाहिले, ते त्या काढतात, बाजूला ठेवतात, पण हाक मारत नाहीत. डॉक्टरांच्या पहिल्या लेखातला नमुना होता तो, संग्रहालयात जमा करायचा होता.

"रजिस्टरात काय लिहिलं?" मी विचारलं.

"हरवला म्हणून लिहिलंय." ते रस्त्याकडं बघत होते. "तेवढी एकच खोटी नोंद हाय."

दिवसातून एकदाच ठेवतात. दुसऱ्यांदा ठेवला तर लागू पडत नाही. मला भिंतीचं बोलायचं होतं, ते राहून गेलं. पण काही न विचारता निघणं माझ्या स्वभावात नाही.

"आन् एखाद्या दिवशी बाईंनी हाक न्हाई मारली तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला नाही, तसाच हातात धरला.

"परवा न्हाई मारली."

"मग?"

"मग काय," ते म्हणाले. "त्या दिवशी मी काकाच."