चेअरमनच्या घरामागचा पाणलावा

दूध सोसायटीचा चेअरमन गहिनीनाथ सकाळी घरामागं गेला आणि जागच्या जागी थिजला. बाभळीखालच्या चिखलात एक पाणलावा बसला होता. लांब चोच, अंगावर वाळल्या गवतासारख्या रेघा. चोच चिखलात खुपसायची, किडा काढायचा, गिळायचा, परत खुपसायची. त्याला कसलीच घाई नव्हती.

पाखरू बघून कुणाला घाम फुटतो का? गहिनीनाथला फुटला. घाटनांदूरच्या अलीकडचं सगळं रान भाजून निघालं होतं. हापसे कोरडे पडले होते. टेकडावरच्या सिमेंटच्या टाकीत टँकर पाणी ओतायचा, त्यावर गाव जगायचं. आणि पाणलावा चिखल सोडून बसत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मग लोक विचारणार, चेअरमनच्या दारी चिखल आला कुठून?

चिखल चेअरमननंच आणला होता. टाकीच्या पार बुडाला गुपचूप काळा पाइप जोडून, जमिनीतून थेट स्वतःच्या हौदापर्यंत. त्याचा जॉइंट बाभळीखाली झिरपत होता. आणि सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली.

“हाकलून द्या की त्याला,” बायकोनं, बायनाबाईनं सुचवलं.

“दिलं गं. गावावरनं चक्कर मारून परत हितंच येतंय.”

“मग चिखलावर माती टाका.”

“टाकली. तीबी भिजली.”

शेवटी सटवाला बोलावलं. तिशीचा गडी, दिवसभर पारावर बसून मोबाइलच्या गेममध्ये लांबून माणसं टिपायचा, म्हणून त्याला सगळे स्नायपर म्हणायचे. खऱ्या जगात त्याच्याकडं एक गलोल होती आणि बेअरिंगच्या लोखंडी गोळ्या.

“हे व्हय?” सटवा म्हणाला. “चेअरमन, ह्या पाखराला विंग्रजीत स्नाइप म्हणत्यात, त्याच्यावरनंच स्नायपर नाव पडलंय. मोबाइलवर वाचलंय मी. विंग्रज सायेब ह्याच्यावर नेम धरायचे. लई वाकडंतिकडं उडतं. जो पाडील तो स्नायपर.”

“शाळा नको घेऊ बे. मार.”

“पर हितं चिखल कावून हाय?”

“म्हशीनं घाण केली.”

“तुमची म्हैस तर चारा छावणीत हाय.”

“जायच्या आधी केली.”

सटवा पोटावर आडवा झाला.

“झोपून गलोल मारत्यात व्हय रं?”

“स्नायपर झोपूनच मारतो.”

पाणलावा जिथं सगळ्यात जास्त ओल तिथंच उभा होता, म्हणजे बरोबर जॉइंटच्या डोक्यावर. गोळी सुटली. पाखरू नागमोडी उडालं ते दिसेनासं झालं. गोळी चिखलात घुसली आणि पाण्याची चिळकांडी थेट बाभळीच्या फांदीला लागली.

गहिनीनाथनं तिच्यावर पाय दिला. मग गोणपाट टाकलं. मग स्वतःच बसला. पाणी चारी बाजूंनी यायला लागलं. पाइप बंद करायचा वॉल होता टाकीपाशी, आणि टाकीपाशी अख्खं गाव हंडे घेऊन उभं.

पाणी गल्लीत निघालं. तेवढ्यात शेजारची छबुबाई टाकीवरून रिकामा हंडा घेऊन आली. आज टाकीचा नळ मधेच आटला होता. पाण्यात बसलेला चेअरमन बघून ती थांबली.

“काय झालं वो?”

गहिनीनाथनं तोंड उघडायच्या आत सटवा बोलला, “म्या गोळी मारली आन जमिनीतून पाणी निघालं.”

छबुबाईनं चपला काढल्या. “उठा तिथून. देवीच्या पाण्यावर बसलाय तुमी.”

गाव लोटलं. हळदीकुंकू आलं, नारळ फुटला, सटवाच्या डोक्याला फेटा बांधला. टाकीचा नळ आटला आणि इथं झरा फुटला, ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्या असं एकालाही वाटलं नाही. असल्या डोक्यांचं काय करायचं? गहिनीनाथ मात्र मनातून सुटला. हात जोडून तोही उभा राहिला.

मग तलाठी आला. त्यानं पाण्यानं चूळ भरली, फोटो काढला. “झकास. झराच लागला म्हणल्यावर उद्यापासून तुमचा टँकर शेजारच्या गावाला वळवतो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गहिनीनाथचे हात जोडलेलेच राहिले. टँकर नाही तर टाकी कोरडी. टाकी कोरडी तर झरा नाही. मग गावाला थेंब नाही, आणि त्याच गावात त्याचंही घर. निवडणूक गेली चुलीत.

“सायेब, टँकर बंद करू नका. हे पाणी माझं हाय.”

छबुबाईनं कपाळाला आठ्या घातल्या.

“म्हंजे म्या चोरलंय. टाकीतनं. खाली पाइप हाय माझा.”

“बघा,” छबुबाई म्हणाली. “सोसायटी ह्यांची, रेशनचं दुकान ह्यांच्या मेव्हण्याचं, आता देवीचं पाणीबी ह्यांचंच.”

“अगं, चोरलंय म्हणतोय मी.”

“तुमी चोरलं असतं,” म्हाताऱ्या तात्याबानं शांतपणे विचारलं, “तर कबूल केलं असतं का?”

गहिनीनाथनं फावडं उचललं. “खोदून दावतो.”

चौघांनी त्याला धरलं. फेट्यातला सटवा पुढं झाला. “चेअरमन, देवीच्या जागेला फावडं लावायचं न्हाई. आन नेम माझा होता.”

तलाठ्यानं गाडीला किक मारली आणि गेला.

“बायना, तू तरी सांग ह्यांना.”

बायनाबाईनं लोकांकडं बघितलं, चौघांच्या हातातल्या नवऱ्याकडं बघितलं. आत जाऊन तिनं रिकामा हंडा आणला आणि त्याच्या हातात दिला.

“अवो, हाय तवर भरून घ्या.”

चौघांनी सोडल्यावर तो पाण्यापाशी वाकला तसा मागून आवाज आला, “ओ चेअरमन, लाइनीत या.”