मेश्रामकाकांचं सरकारी गुपित

नागोराव मेश्राम संरक्षण खात्याच्या एका कार्यालयातून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, पण तिथे ते नेमकं काय करत होते हे त्यांनी अजून बायकोलाही सांगितलं नव्हतं. रुजू झाले त्या दिवशी एका कागदावर त्यांची सही घेतली होती, की कामाबद्दल बाहेर अवाक्षर बोलणार नाही. अशी सही सगळ्यांचीच घेतात आणि बाकीचे लोक ती करून डबा खायला जातात. नागोरावांनी ती मनावर घेतली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मुक्ताईंनी विचारलं, तर म्हणाले, देशाचा प्रश्न आहे. मुक्ताईंनी पुन्हा विचारलं नाही.

असा माणूस पासपोर्टसाठी आपली सगळी माहिती द्यायला तयार झाला तो निव्वळ लेकीपायी. अपेक्षाचं बाळंतपण मेलबर्नला, तीन महिन्यांवर आलेलं. मुक्ताईंचा पासपोर्ट हातात होता, दोघांची तिकिटंही काढून झाली होती. नागोरावांचा अर्ज तेवढा पोलिसांच्या पडताळणीपाशी थांबला होता आणि तो अडकला तर मुक्ताईंना एकटीनं जावं लागणार होतं. बाळाला हातात घ्यायचं म्हणून हे गृहस्थ आत्तापासून दर दोन दिवसांनी नखं कापत होते, यावरून काय ते समजा.

आता घोळ झाला तो असा. दिवाळीत शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांना खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर दोन दिवस ‘डिजिटल अरेस्ट’ करून ठेवलं होतं. संडासला जायचं तरी बिचारे परवानगी मागत होते. नागोरावांना विषयच मिळाला. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या सोसायटीच्या सभेत ते चाळीस मिनिटं बोलले. म्हणाले, आपण चार-चार थेंब माहिती सांडतो आणि शत्रू खाली बादली लावून बसलेला असतो. शेवटी ठराव झाला, की कुणाही अनोळखी माणसाला, मग तो गणवेशात का असेना, कुठल्याही सभासदाची माहिती द्यायची नाही. तो इथे राहतो की नाही, हेसुद्धा सांगायचं नाही. जिन्याखालच्या फलकावरची नावंही पुसून टाकली. सगळ्यांनी पटापट हात वर केले, कारण वडे निवत चालले होते.

त्यानंतर पंधरवड्यानं समाधान नावाच्या हवालदाराचा नागोरावांना फोन आला. चौकीतून बोलतोय, आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन या, एवढं त्याचं बोलून होतंय न होतंय तोच नागोरावांनी त्याला फैलावर घेतलं. आईबापांनी हेच शिकवलं का, जरा कष्ट करून खा, असं बरंच सुनावून त्यांनी नंबर ब्लॉक केला. मुक्ताईंना म्हणाले, एक चोर परतवला.

दोन दिवसांनी चोर स्वतः आला, तोही साध्या कपड्यांत. नागोराव आणि मुक्ताई तेव्हा डिंक-खारीक आणायला रविवार पेठेत गेले होते. वॉचमननं समाधानला कोरा फलक दाखवला आणि यात मेश्राम दिसतात का तुम्हीच बघा, म्हणाला. सेक्रेटरी सुदर्शन यांनी ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं, त्याचा फोटो काढला आणि ठरावाची प्रत दिली. मेश्रामांच्या समोर राहणाऱ्या चैतालीनं तर दारही उघडलं नाही. ती हिंजवडीच्या एका कंपनीत लोकांची माहिती सांभाळण्याचंच काम करते. दारावरच्या कॅमेऱ्यातून तिनं समाधानला विचारलं, की ही माहिती कशासाठी हवी, किती दिवस ठेवणार आणि पुसणार कधी. अठरा वर्षांच्या नोकरीत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

“मॅडम, मेश्राम समोर राहतात का, एवढंच सांगा,” तो म्हणाला.

“समोर एक दार आहे,” चैताली म्हणाली. “याहून जास्त सांगता येणार नाही.”

चार दिवसांनी अपेक्षाचा फोन आला. तिनं ऑनलाइन पाहिलं, तर बाबांच्या अर्जावर शेरा पडला होता, की अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, शेजारीपाजारी ओळखत नाहीत. खरं सांगायचं तर अर्धा मिनिट नागोरावांची छाती फुगली. सोसायटी परीक्षेत पास झाली होती. मग मुक्ताईंनी शांतपणे विचारलं, तर मी एकटीच निघू का, आणि ते लाइट बिल शोधायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चौकीत हजर. समाधाननं आवाज लगेच ओळखला, पण माणूस सभ्य निघाला. लाइट बिल पाहिलं, आधार पाहिलं, फोटो घेतले. शेवटचा रकाना तेवढा राहिला, निवृत्तीपूर्वीच्या कामाचं स्वरूप.

“ते सांगता येणार नाही,” नागोराव म्हणाले.

समाधाननं पेन खाली ठेवलं. “काका, एकदा उलटा शेरा गेलाय. आता संरक्षण खात्यात होते पण काय करत होते ते सांगत नाहीत, असं लिहिलं तर फाइल वर जाईल. वरून आणखी वर. दोन महिने धरून चाला.”

नागोराव घामाघूम झाले. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण तोंड काही उघडेना. हट्टी होताच माणूस, पण ढोंगी नव्हता.

“पंखे,” मुक्ताई म्हणाल्या. “पंखे, खुर्च्या आणि टेबलं. त्यांच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर घालायचे. चौतीस वर्षं. लिहा.”

नागोराव त्यांच्याकडे बघतच राहिले. “तुला कुणी सांगितलं?”

“तुमच्या साहेबांच्या मिसेसनी. नव्वद साली, त्यांच्या मुलीच्या लग्नात.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.”

मग हळूहळू सगळंच बाहेर आलं. अपेक्षाला दहावीत असल्यापासून माहीत होतं. जावयाच्या घरच्यांनी लग्नाआधी चौकशी केली, तेव्हा त्यांना सांगावंच लागलं. चैतालीला ठाऊक होतं, सुदर्शनना ठाऊक होतं, वॉचमनलासुद्धा. काकांना वाईट वाटेल म्हणून इतक्या वर्षांत एकानंही त्यांच्यासमोर विषय काढला नव्हता.

समाधान हसू दाबत म्हणाला, “पण काका, पंख्यांत लपवण्यासारखं काय?”

“किती पंखे ते कळलं, की आत किती माणसं बसतात ते कळतं,” नागोराव खालच्या आवाजात म्हणाले.

समाधाननं जरा विचार केला. मग लिहिलेले पंखे खोडले आणि नुसतं ‘सरकारी नोकरी, निवृत्त’ असं लिहून खाली सही ठोकली. दहा दिवसांत पासपोर्ट येईल, म्हणाला.

परत येताना दोघं सिग्नलपाशी आले. सिग्नल सुटला, रस्ता ओलांडून झाला, तेव्हा नागोरावांनी मागेपुढे पाहिलं आणि म्हणाले, “मी लागलो तेव्हा चारशे बारा होते.” मग घर येईपर्यंत ते बोलतच राहिले. कुठल्या खोलीत किती पंखे, कुठला कुरकुरायचा, कुठला कर्नलसाहेबांना चालायचा नाही. यातलं निम्मं मुक्ताईंनी साहेबांच्या मिसेसकडून नव्वद सालीच ऐकलं होतं. त्या प्रत्येक वेळी थांबून म्हणत होत्या, “हो का? आणि मग?”