दुसरं धुवण

"ते पांढरं पाणी कुठं गेलं?" अन्सेल्मोने विचारलं.

"कुठलं पाणी?"

"पातेल्यातलं. झाकून ठेवलेलं."

"ते होय! ओतलं मोरीत," त्याची बहीण सेपांग ओटा पुसता पुसता म्हणाली. "गढूळ पाणी कशाला साठवतोस रे दादा? पाहुणे यायचेत आज. पातेलंसुद्धा घासून पालथं घातलं बघ."

अन्सेल्मो मटकन स्टुलावर बसला. बहिणीने ओतलं ते तांदळाचं दुसरं धुवण होतं. पहिलं धुवण झाडाला आणि दुसरं साराला, असं त्याची बायको कोन्चिंग आयुष्यभर करत आली होती. पदर खोचल्यासारखा झगा गुडघ्यात खोचून ती दारात बसायची, तांदळात हात फिरवायची आणि रेडिओवरच्या नाटकातल्या दुष्ट सासूला मोठमोठ्याने शिव्या घालायची. शिव्या आणि तांदूळ दोन्ही एकदमच आटपायचे. मग त्या दुधासारख्या पाण्यात डुकराच्या बरगड्या, अळकुड्या, मुळा आणि कच्च्या चिंचा पडायच्या आणि त्या आंबट साराचा, सिनिगांगचा, वास गल्लीच्या टोकाला जायचा.

कोन्चिंग गेली आणि तो वासही गेला. अन्सेल्मो गडी हार मानणारा नव्हता. त्याने खाटीक तोच ठेवला, चिंचेचं झाड तेच ठेवलं, पातेलंही तेच. पण दर वेळी सार असं व्हायचं की पहिल्या घोटाला डावा डोळा आपोआप मिटायचा. "छान झालंय हं बाबा," असं त्याची लेक निंग म्हणायची आणि पाण्याचा ग्लास जवळ ओढायची.

आणि आज तर निंगला मागणी घालायला माणसं येणार होती. मुलगा एल्मर गरीब स्वभावाचा होता, पण त्याची आई अडोरास्योनबाई निवृत्त हेडमास्तरीण. बाई रस्त्याने निघाल्या की म्हातारे बाप्येसुद्धा विडी विझवायचे. निंगने बापाकडे एकच मागितलं होतं. "बाबा, त्या दिवशी आईचं सिनिगांग कर. ती नाही, तर निदान तिच्या हाताची चव तरी आपल्या बाजूने बसू दे." त्या बोलण्यावर अन्सेल्मोला आठवडाभर झोप नव्हती, आणि अशाच एका जागरणात त्याला धुवण आठवलं होतं. एवढे दिवस आपण साधं पाणी घालतोय, मग चव येणार कुठून! आणि आता ते धुवण सेपांगने मोरीला पाजलं.

"एवढं काय त्यात? दुसरे तांदूळ धू," सेपांग म्हणाली.

"डबा रिकामा आहे. सगळा भात चढवला."

"मग आण की बेबांगच्या दुकानातून."

"बेबांगकडून?" अन्सेल्मो ओरडलाच. "रविवारी तांदूळ न्यायला गेलो की ती विचारणार, कोण येतंय? अन् बेबांगला कळलं की गल्लीला कळलं!"

यात तथ्य होतं. मागे तुरिंग न्हाव्याच्या मुलीला मागणी आली, तेव्हा आम्ही सगळे खिडकीला लटकलो होतो आणि नवऱ्या मुलाच्या टकलाची चर्चा त्याच्या तोंडावर झाली होती. म्हणून निंगने बापाला बजावलं होतं की गल्लीत चकार शब्द काढायचा नाही. आमची गल्ली तशी प्रेमळ आहे हो. फक्त कुणाचं पुरतं ऐकून घ्यायला तिला वेळ नसतो.

"धुवणच मागून आणतो," अन्सेल्मो उठला. "आत्ता घरोघरी तांदूळ धुताहेत. धुवण मागितलं तर कोण विचारतंय, कशाला म्हणून?"

बादली घेऊन तो तुरिंगच्या दारात गेला.

"धुवण? आहे की अन्सेल्मोकाका, डुकराला ठेवलंय," तुरिंग म्हणाला. "तुम्ही डुक्कर पाळलंत?"

"नाही."

"मग झाडांना?"

जन्मभर प्रवासी जीपनी चालवलेल्या माणसाला रस्ता चुकवता येतो, प्रश्न चुकवता येत नाही. अन्सेल्मो चाचरला. "नाही रे, घरातच लागतंय. म्हणजे, पोटात जायलाच."

"तुमच्या पोटात?"

"माझ्या, निंगच्या. सेपांगपण आलीय. सगळ्यांना पुरेल एवढं दे बाबा. आणि हे बघ, कुणाला बोलू नकोस."

तुरिंगने डुकराचं धुवण पुढे ओढलं. त्याने बादली काठोकाठ भरली. "न्या, सगळं न्या. डुकराचं काय, ते काहीही खातं!" असं म्हणून त्याने बाहीने डोळे पुसले. काय भला माणूस आहे, असं म्हणत अन्सेल्मो खुशीत घरी आला.

कुणाला बोलू नकोस, हा शब्द तुरिंगने बेबांगच्या दुकानापर्यंत पाळला.

"धुवण पितोय?" बेबांगच्या हातातलं माप गळून पडलं.

"त्यांच्याच तोंडून ऐकलं, बेबांगमावशी. तिघंही."

"तरीच परवा एकच अंडं नेलं मेल्याने! एक! मला तेव्हाच कळायला हवं होतं." ती गल्ल्यावर डोकं टेकून रडायला लागली. "कोन्चिंग, बाई गं, तुझ्या माघारी आम्ही काय लक्ष ठेवलं!"

इकडे अन्सेल्मोने धुवण पातेल्यात ओतलं, चिंचा कोळून घातल्या, मुळ्याच्या चकत्या सोडल्या. उकळी फुटली. त्याने डावभर चाखलं आणि डावा डोळा मिटला.

"सेपांग, चाख गं."

"आंबट आहे."

"सिनिगांग आंबटच असतं! कोन्चिंगसारखं आंबट आहे का?"

सेपांग प्रामाणिक बाई. "वहिनीचं आंबट वेगळं होतं दादा. ते बसून खाता यायचं."

अन्सेल्मोचं तोंड उतरलं. धुवण घालूनही तेच! आता काही सुचेना. तेवढ्यात दार वाजलं. बाहेर बेबांग उभी होती, कडेवर मूल घ्यावं तसं तांदळाचं पोतं घेऊन.

"ठेव," ती म्हणाली. "आणि काही बोलू नकोस."

पाहुण्यांची बातमी फुटली, असं अन्सेल्मोला वाटलं. त्याने मान खाली घातली. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तोंडावर दिसतंय तुझ्या."

"होईल ना गं सगळं नीट?"

"होईल रे! आम्ही मेलोय का?" आणि ती हुंदका देत गेली. तिच्यामागून लोक येतच राहिले. कुणी सुकी मासळी आणली, कुणी भोपळा, कुणी अंडी. काही गरिबांकडे दुसरं काही नव्हतं. त्यांनी बाटल्यांमधून धुवणच आणलं, कारण अन्सेल्मोकाकांना तेच लागतं असं त्यांच्या कानावर आलं होतं. निंग आत कपड्यांना इस्त्री करत होती, तिला पत्ता नाही. मागणीला गल्ली एवढी मदत करते याचं अन्सेल्मोला भरून येत होतं.

मग भोंगा वाजला. आमच्या वस्तीचे सरपंच, म्हणजे कापितान रोके, हे निवडून आलेले आणि पुन्हा निवडून यायची इच्छा असलेले गृहस्थ. तीनचाकीवर कर्णा बांधून ते गल्लीत शिरले. "बंधुभगिनींनो! आपल्या अन्सेल्मोकाकांच्या घरी चूल थंड आहे! तीन जीव तांदळाचं धुवण पिऊन दिवस काढताहेत! या, सढळ हाताने द्या!"

आणि नेमकी त्या तीनचाकीच्या मागे अडकलेली गाडी अडोरास्योनबाईंची होती.

बाई उतरल्या. हातात नारळाच्या दुधातला गोड भात, मागे एल्मर, त्याच्या खांद्यावर केळीच्या पानात गुंडाळलेलं भाजलेलं डुक्कर. कापितानांनी एका झेपेत दोन्ही ताब्यात घेतलं. "वा बाई! याला म्हणतात दानत! इकडे बघा, फोटो!"

"अहो, हे दान नाही..."

"नम्रता बघा यांची!" कापितान कर्ण्यातून म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आवाज ऐकून निंग बाहेर आली. दारात पोती, भोपळे, बाटल्या, आणि होणारी सासू रिकाम्या हातांनी. ती जागीच पांढरी पडली.

"एल्मर," बाईंचा आवाज थंड होता. "तू म्हणाला होतास, खाऊनपिऊन सुखी घर आहे."

"आई, परवापर्यंत तरी होतं," एल्मर पुटपुटला.

तेव्हा अन्सेल्मो हातात डाव घेऊन पुढे आला. लेकीचं तोंड बघून त्याला बोलल्याशिवाय राहवेना. "बाई, घरात खायला आहे. भात शिजलाय. ते धुवण मी सिनिगांगसाठी मागितलं होतं. हिला आईच्या हातचं हवं होतं आज. मला काही ते जमत नाही. कोन्चिंग गेल्यापासून एकदासुद्धा जमलं नाही. माझी चूक झाली, माझ्या पोरीला बोल लावू नका."

मग बेबांगने कंबरेवर हात ठेवले.

"म्हणजे तू उपाशी नाहीस?"

"नाही गं."

"आणि आज मागणी आहे?"

"हो."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस? मी रडले रे मेल्या! गिऱ्हाइकांसमोर रडले!"

"धुवण परत पाहिजे माझं," तुरिंग म्हणाला. "डुक्कर ओरडतंय तिकडे."

सगळे एकदम बोलायला लागले. अडोरास्योनबाईंनी टाळी वाजवली, एकच. पस्तिशी-चाळिशीचे बाप्ये रांगेत उभे राहिले. बाईंनी एकदा निंगकडे पाहिलं, एकदा अन्सेल्मोच्या हातातल्या डावाकडे. "दारात इतकी माणसं उभी ठेवून जेवायची आमच्या घरात रीत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यात आहे का?"

"नाही बाई."

"मग ताटं काढा. कापितान, ते डुक्कर खाली ठेवा. कर्णा बंद करा."

पातेल्यात सार सहा माणसांचं आणि अंगणात माणूस मावेना. सेपांगने बाह्या सरसावल्या. तिने बाटल्या उचलून एकेकीतलं धुवण पातेल्यात रिकामं केलं, मग साधं पाणी ओतलं, मग आणखी ओतलं, आणि हाताला लागली ती भाजी तोडून टाकली. अन्सेल्मोला ते बघवेना. आठवड्याची मेहनत डोळ्यांदेखत पाणी होत होती. वाढायला लागले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला.

"बाबा," मागून निंगचा आवाज आला.

"माहीत आहे गं, पाणचट झालंय. रागावू नकोस."

"बाबा, इकडे बघ ना." तिच्या हातातला चमचा तसाच राहिला होता आणि डोळे वाहत होते. "हे आईचं आहे."

अन्सेल्मोने वाटी तोंडाला लावली. डोळा मिटला नाही. चिंच जिभेला आली, मागून बरगडीचा गोडवा आला, आणि एकदम त्याला दारात झगा खोचून बसलेली कोन्चिंग दिसली. म्हातारा सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

"मग! तिचं पातेलं कधी घरच्यापुरतं होतं का?" बेबांग तोंडात घास असताना म्हणाली. "बाराच्या ठोक्याला आम्ही कुणी ना कुणी टपकायचोच. ती आम्हाला शिव्या घालायची आणि पाणी वाढवायची."

"मग नंतर का नाही आलात?" अन्सेल्मोने विचारलं.

बेबांगने वाटीत बघितलं. "तुझ्या दुःखात कशाला यायचं, असं वाटलं रे. सगळ्यांनाच वाटलं."

अडोरास्योनबाईंनी चार वाट्या घेतल्या. तारखेचं बोलणं चौथ्या वाटीवर झालं. मुलगी पसंत आहे का, हे विचारायचं मात्र सगळेच विसरले, म्हणून ते एल्मरने हळूच निंगला विचारून घेतलं.

पुढच्या रविवारी दुपारी अन्सेल्मो दोघांपुरतं सार चाखत होता. डावा डोळा मिटला होता. दारात सावली पडली. जिच्या दुकानात छतापर्यंत मिठाची पोती रचलेली असतात, ती बेबांग रिकामी वाटी घेऊन उभी होती.

"अन्सेल्मो, चिमूटभर मीठ आहे का रे?"

अन्सेल्मोने आधी पातेल्यात पाणी ओतलं आणि मग म्हणाला, "आहे की. बस जेवायला."