भरलेलं गोदाम

"खोलीला भूक लागत नाही, खोली रजा मागत नाही आणि खोली उलट बोलत नाही," तज्ज्ञ म्हणाले. "खोलीइतका गुणी नोकर जगात दुसरा नाही."

"तिसरं मला उद्देशून होतं का?" बायकोने विचारलं.

तज्ज्ञांचं खरं नाव आता पेन्शनच्या कागदांवर तेवढं उरलं होतं. विमा कचेरीत सगळे त्यांना तज्ज्ञच म्हणत, कारण ज्या विषयातलं काही कळत नाही त्यावर ते जास्त ठामपणे बोलत. निवृत्त झाल्यापासून त्यांनी मधमाशा, अळिंबी आणि शेअर बाजार हे तीन विषय हातावेगळे केले होते. आता गाडी सामानाच्या खोल्यांवर आली होती. लोकांच्या घरात जे मावत नाही ते ठेवायला महिन्याच्या भाड्याने खोल्या द्यायच्या. सामान त्यांचं, कुलूप त्यांचं, भाडं आपलं! बाहेरच्या रस्त्यावर टायरवाल्याला लागून असं एक गोदाम होतं आणि मालक त्यातला अर्धा हिस्सा विकत होता. त्यासाठी निवृत्तीचे सगळे पैसे लागणार होते. सगळे म्हणजे अगदी सगळे.

"धंदा इतका चालतोय तर तो अर्धा विकतोय कशाला?" बायकोने विचारलं.

"वाढवायला भांडवल लागतं. तुला नाही कळायचं त्यातलं."

"मग मला न कळता माझी सही कशी होईल?"

हीच तर मेख होती. खातं दोघांच्या नावावर होतं आणि चेकवर दोघांच्या सह्या लागत.

त्यानंतर बायको चार दिवस बहिणीकडे गेली आणि तज्ज्ञांनी ठरवलं की मालक होण्याआधी गिऱ्हाईक होऊन बघावं. एक खोली भाड्याने घ्यायची, काहीतरी ठेवायचं, अनुभव घ्यायचा. आता ठेवायचं काय? त्यांची नजर दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीवर गेली.

ती सासऱ्यांची होती. सासरे गेले, खुर्ची राहिली. बसलं की ती कण्हायची, उठलं की सुस्कारा सोडायची आणि तिचा पुढचा पाय लग्नापासून तज्ज्ञांच्या करंगळीवर टपून होता. "फुकट जागा अडवून बसलीय, एका पैचं भाडं नाही," असं ते एकदा म्हणाले होते. त्यावर बायको म्हणाली होती, "घर बाबांचं, खुर्ची बाबांची. या घरात भाडेकरू कोणी असेलच तर ते तुम्ही." तो विषय तज्ज्ञांनी पुन्हा काढला नव्हता.

एका दगडात दोन पक्षी! टेम्पो बोलावला आणि खुर्ची निघाली.

मालकाने त्यांना दारातच मिठी मारली. "नशीबवान आहात साहेब. शेवटचीच खोली उरलीय."

लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी निळी पत्र्याची दारं आणि प्रत्येक दारावर चकचकीत कुलूप. तज्ज्ञ कुलपं बघत चालले आणि त्यांचं मन भरून आलं. प्रत्येक कुलपामागे एक भाडं! आत डोकावून बघायचा विचार त्यांच्या मनालाही शिवला नाही. गिऱ्हाइकाची ती खाजगी बाब.

खुर्ची आत ठेवल्यावर लक्षात आलं की घरून कुलूप आणायचं राहिलंय.

"अहो, भागीदार होणार तुम्ही! कुलूप आमच्याकडून," म्हणत मालकाने टेबलाखालच्या खोक्यातून एक कुलूप काढून दिलं. या उदारपणाने तज्ज्ञ इतके भारावले की खोली कितवी हे बघायचंही विसरले.

चेक द्यायच्या दिवशीच बायको परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने विचारलं, "खुर्ची कुठाय?"

"गुंतवलीय," तज्ज्ञ म्हणाले.

बायकोने चेकबुक पर्समध्ये टाकलं आणि चपला पुन्हा पायात घातल्या. "आधी बाबांची खुर्ची बघते. मग सहीचं."

गोदामात मालक कागद मांडून आणि बिस्किटं काढून बसला होता. "तुमचं चालू द्या, आम्ही जरा खोली बघून येतो," असं सांगून तज्ज्ञ बायकोला बोळात घेऊन गेले. डावीकडचं तिसरं की चौथं? तिसरंच. किल्ली लावली, कुलूप उघडलं, दार वर सरकवलं.

आत काही नव्हतं. कोपऱ्यात एक कोळी होता, तोही दचकला.

"खुर्ची?" बायको म्हणाली.

बायकोचा चेहरा वडील गेले त्या दिवशी झाला होता तसा झाला आणि तज्ज्ञांना आतून तुटल्यासारखं झालं. ज्या खुर्चीला ते इतकी वर्षं शिव्या देत आले, तिच्यासाठी त्या क्षणी ते दहाही करंगळ्या द्यायला तयार होते. माणसाला चारच असतात हेही त्यांना सुचलं नाही.

"थांब, पुढचं असेल," ते म्हणाले. पुढच्या कुलपाला किल्ली लावली. ते उघडलं. आत रिकामं. त्याच्या पुढचं. तेही उघडलं, तेही रिकामं.

तज्ज्ञांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, फक्त चुकीच्या खोलीत.

"दरोडा!" ते बोळभर ओरडत सुटले. "अख्खं गोदाम धुऊन नेलं!"

टायरवाला हातातला पाना घेऊन धावत आला. त्याच्या मागून त्याची दोन गिऱ्हाइकं आली. एकाने परस्पर पोलिसांना फोन लावला. सगळ्यात शेवटी मालक आला, घामाने निथळत.

"साहेब, पोलीस कशाला? काही चोरी झालेली नाही."

"धीर सोडू नका," तज्ज्ञांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुमच्या पाठीशी आहे. लोकांचा संसार गेला, तुमची काय चूक? गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू."

"गिऱ्हाइकांना काही सांगायला नको हो," मालक रडकुंडीला आला.

बायकोने नवऱ्याच्या हातातून किल्ली घेतली. शांतपणे समोरचं कुलूप उघडलं, मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्याही शेजारचं. मग ती मालकाकडे वळली.

"चोर मोठे सज्जन दिसतात," ती म्हणाली. "सामान नेलं आणि जाताना प्रत्येक दाराला नवीन कुलूप लावून गेले. तेही एकाच किल्लीची."

टायरवाला आधी हसला.

"वहिनी, सुरुवातीला धंदा भरलेला दाखवावा लागतो," मालक पुटपुटला. "एका किल्लीची कुलपं खोक्याने स्वस्त पडली."

"म्हणजे खरी गिऱ्हाइकं किती?" तज्ज्ञांनी विचारलं.

मालकाने मान खाली घातली आणि त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

बायको एकेक दार उघडत पुढे गेली. अगदी शेवटच्या खोलीत, अंधारात, खुर्ची ऐटीत बसली होती. बायको तिच्यात जाऊन मटकन बसली. खुर्ची कण्हली. इतका गोड आवाज तज्ज्ञांनी जन्मात ऐकला नव्हता. ते तिथेच जमिनीवर टेकले. मग बायकोने पर्समधून कोरं चेकबुक काढलं, नवऱ्यासमोर धरलं आणि ती हसायला लागली तेव्हा तज्ज्ञांच्या डोळ्यांत पाणी आलं. पैसे वाचले, खुर्ची सापडली, बायको हसतेय! पोलिसांची गाडी येईपर्यंत मालकाने खोलीची अनामत न मागताच परत केली होती. पुढचं त्याने गाडीतल्यांना समजावून सांगितलं. बराच वेळ लागला म्हणतात.

परतताना बायको टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली. मागे खुर्चीत तज्ज्ञ बसले आणि घर येईपर्यंत त्यांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

संध्याकाळपर्यंत तज्ज्ञांचा रंग परतला होता. "मी दारं उघडली नसती तर भांडं फुटलंच नसतं," ते फोनवर मेहुणीला सांगत होते. "मला त्या कुलपांचा पहिल्यापासून संशय होता." फोन ठेवून ते ऐटीत वळले आणि खुर्चीच्या पुढच्या पायाने त्यांच्या करंगळीचा अचूक वेध घेतला.

"लागलं का हो?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

तज्ज्ञांनी ओठ घट्ट मिटले, एका पायावर जरा नाचले आणि खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला.

"नाही गं," ते म्हणाले. "या महिन्याचं भाडं भरलं."