सासूबाई बोलत नसतील तेव्हा

माझ्या नवऱ्याच्या कानांचा तरंगपट्टा सासूबाईंच्या नावावर आहे, आणि त्या वारल्या तरी त्यावरून बोलतात.

मला त्यांनीच पसंत केलं होतं. मग त्या गेल्या, आणि वर्षाच्या आत कार्य उरकायला हवं म्हणून आमचं लग्न घाईने झालं. मकरंदनी काही लपवलं नाही. म्हणाले, "आईचा हक्क पहिला. ती गप्प असेल तेव्हा तू बोलायचंस. ती बोलू लागली की थांबायचं. नाहीतर मला दोघींचंही कळत नाही, नुसती खरखर येते."

एकाच पट्ट्यावर दोघांनी भांडणाशिवाय कसं नांदावं, यातच त्यांनी डॉक्टरेट केली आहे. कॉलेजात तेच शिकवतात. सरकारने नियमही त्यांच्याकडूनच लिहून घेतले.

माझी आई म्हणाली, "सासू जिवंत असती तरी वेगळं काय असतं गं?"

मी आधी कानोसा घ्यायची, मग बोलायची. गॅस संपलाय, नळ गळतोय, एवढं त्या फटीत मावायचं. एक गोष्ट मावत नव्हती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नाव लिहिलं, मधुरा. मकरंदला शोभावं म्हणून. मला सांगायचं होतं, घरात तरी मला रेणुका म्हणा.

"अहो, माझ्या नावाचं जरा—"

"थांब. आई." मग ताटाकडे बघून हसले. "हो गं, जेवतोय तुझा मक्या."

दिवाळीनंतर सासूबाई कमी बोलू लागल्या, मग बोलेनाशाच झाल्या. मकरंदचं जेवण तुटलं. तरंग कार्यालयातून देशमाने आले, यंत्र लावून बसले.

"पट्टा मोकळा पडलाय, सर. आज जेवणाच्या वेळेपर्यंत आवाज आला नाही, तर वहिनींच्या नावावर होईल. मग मातोश्रींना परत मिळणार नाही. नियम तुमचाच आहे."

"माझाच आहे," मकरंद म्हणाले.

मी ताट वाढलं. पोळी वातड होत चालली. ते मान एका बाजूला कलती करून बसले होते. मी कानोसा घेतला. लग्नानंतर एवढी शांतता पहिल्यांदाच मिळत होती. रेणुका म्हणायला असा कितीसा वेळ लागतो?

मी ओट्याकडे वळले आणि म्हणाले, "मक्या, जेवलास का रे?"

यंत्राचा काटा हलला. देशमान्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे. "आहेत," ते म्हणाले. "आम्ही काट्यापलीकडे बघत नाही." आणि यंत्र आवरलं.

"बसलोच आहे, आई," म्हणत मकरंदनी पोळी मोडली.

पट्टा होता त्याच नावावर राहिला. मला काही बोलायचं असलं की मी आधी कानोसा घेते. बहुतेक वेळा सासूबाई बोलत असतात.

काल त्यांनी विचारलं, "मक्या, रेणुका जेवली का रे?"

मकरंद माझ्याकडे बघून हसले. "मधुरा, आई अजून तुला रेणुकाच म्हणते बघ. म्हणू दे तिला."

"म्हणू दे," मी म्हणाले.