किसनबापू दम धरतात

भर लग्नाच्या पंगतीत मी किसनबापूंच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं, कारण मला वाटलं ते मेले.

बापू जिवंत होते. हातात बुंदीचा घास, डोळे मिटलेले, श्वास बंद. पाणी निथळून बुंदी पत्रावळीत पोहायला लागली, तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

"कावून ओ गुरुजी? अठरापस्तोर आलतो की!"

मग कळलं. आमच्या या शेजाऱ्याला लिव्हरचा कॅन्सर झाला होता आणि संभाजीनगरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यावर रेडिएशनचं संशोधन चालू होतं. आपण श्वास घेतो तसं लिव्हर खाली-वर सरकतं. रोग्यानं श्वास रोखला तर ते जागेवर राहतं, किरणं नेमकी गाठीवर पडतात आणि चांगला भाग वाचतो. बापूंना पंचवीस सेकंद दम धरता आला तरच त्यात घेणार होते. चाचणी पंधरा दिवसांवर होती.

तेव्हापासून बापू कुठंही बंद पडायचे. रस्त्यात, दाढी करताना. एकदा तर ग्रामसभेत बोलायला हात वर करून उभे राहिले आणि तिथंच दम धरला. सरपंच पंचवीस सेकंद ऐकत राहिले. एवढा वेळ त्यांनी आजवर कुणाचंच ऐकलं नव्हतं.

माझा मात्र जळफळाट झाला. तीस वर्षं मी पालीच्या शाळेत विज्ञान शिकवलं. श्वसनसंस्थेचा तक्ता माझ्या हातचा. निवृत्त झाल्यावर मला कुणी साधं 'ऑक्सिजन बरा का' असंही विचारलं नाही. आणि चौथीतून मेंढरांमागं पळालेला हा माणूस डेअरीसमोर उभा राहून रेडिएशन समजावत होता, अन् लोक दुधाच्या किटल्या खाली ठेवून ऐकत होते! शेजाऱ्याच्या कॅन्सरवर जळणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, पाहून घ्या.

"कलेजी लई चपळ हाय," बापू सांगत.

"यकृत म्हणा," मी मागून.

"यकृत तुमच्या पुस्तकात, गुरुजी. माणसात कलेजीच ऱ्हाती."

लोक हसले. मी घरी मोरीचं दार लावून सराव सुरू केला. एकविसाव्या सेकंदाला डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी बादलीत बसलो. बायकोनं ओढून काढलं. "तिथं तुमाला कुणी बोलवलंय का?" एवढंच म्हणाली.

चाचणीला सोबत मीच गेलो. गावाला वाटलं, शेजारधर्म. खरं तर बापूंचा दम सुटताना मला बघायचा होता.

एसटीत गेवराई आली तरी त्यांनी एकदाही दम धरून बघितला नाही.

"मशीनची भीती वाटते?" मी विचारलं.

"मशीनचं भ्या न्हाई ओ. मागल्या खेपेला बघितलं नं, समदे भायेर जातेत, जाड दार लावतेत. आत मी एकलाच. मग भोंग्यातून बाई म्हणती, दम धरा." जरा थांबून म्हणाले, "घरी बी तसंच हाय. पण घरी दम धरा म्हणायलाबी कुणी न्हाई."

मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

चाचणीत बापूंनी सत्तावीस सेकंद धरले. तिन्ही वेळा. नाव पक्कं झालं. भोंग्यातली बाई बाहेर आली. "आजोबा, इतकं स्थिर कसं राहता? मनात आकडे मोजता?"

बापू लाजले. "आकडे न्हाई. दुखण्यापाई मेंढरं दुसऱ्याच्या हवाली केली नं, तीच मोजितो. सकाळी मेंढवाड्यातनं निघायची तशी, एकेक. भुरी, तांबडी, लंगडी, चोरटी... समद्यात मागून आमची सखू निघायची, वाड्याच्या दाराला झाप लावून. ती दिसली की पंचवीस होतेत. वरचे दोन तिच्यापाशी थांबतो."

सखूवहिनी जाऊन सहा वर्षं झाली.

बाईंनी डोळे पुसले. मीही पुसले असते. पण माझा मत्सर सुतकातसुद्धा मानपान बघणारा. बाहेर आल्यावर मी विचारलंच, "चाळीस वर्षं शेजारी आहे मी. त्या रांगेत मी कुठंच नाही?"

"घेतलतं एकदा तुमाला," बापू म्हणाले. "हसू फुटलं, दम सुटला. तवापासून वाड्याभायेरच ठिवलंय."